बाकांचं माप

मी मुळातच भित्रा माणूस. लहानपणी कल्याणच्या तळ्यावर बरोबरीची पोरं धडाधड उड्या मारायची आणि मी पायरीवर सगळ्यांची धोतरं सांभाळत बसायचो. अशा माणसानं खाडीकाठच्या गावात शाळा चालवायला जावं, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. मामलेदार कचेरीत उमेदवारी करावी, आज ना उद्या कारकुनी मिळेल, असं तिचं म्हणणं. पण ठाण्यातले काही वकील आणि पेन्शनर गृहस्थ एकत्र येऊन खेड्यापाड्यांत शाळा काढत होते. त्या मंडळींच्या एका सभेला मी गेलो, भाषणं ऐकून भारावलो आणि कोपरच्या शाळेवर मास्तर म्हणून जायला तयार झालो.

शाळा म्हणजे मिठागराच्या मुकादमाचं रिकामं खोपट. मी डोंबिवली गावात देवळालगतच्या एका खोलीत राहायचो आणि रोज सकाळी भाताच्या खाचरांतून, मग खाजणाच्या बांधावरून चालत कोपरला जायचो. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला खाडी. भरतीच्या वेळी मी खाडीकडे न बघता बांधावरून चालायचो. मला पोहता येत नव्हतं.

पहिले काही महिने चारदोन पोरं यायची. मग वाढली. धुळाक्षरं गिरवून त्यांचं मन भरेना, तेव्हा ती काठीनं खाजणाच्या चिखलात अक्षरं काढू लागली. संध्याकाळी परतताना मला ती अक्षरं चुकवत चालावं लागे, कारण पोरं मागून बघत उभी असत. कचेरीत बसून हे सुख मिळालं नसतं.

शाळेत एकच मुलगी होती, आठनऊ वर्षांची. तिचा धाकटा भाऊ तिच्याशिवाय बसत नसे, म्हणून बापानं तिला सोबतीला धाडलेलं. भाऊ डुलक्या घ्यायचा आणि बहीण शिकायची. बाप आगरी, मिठागरावर काम करणारा, उंचापुरा, फार कमी बोलणारा.

त्या साली खाडीवर पुलाचं काम निघालं होतं. त्या कामावरचे एक ओव्हरसियर आमच्या मंडळींचे सभासद होते. मुलं जमिनीवर बसतात हे त्यांना बघवेना. आपल्या खर्चानं बाकं करून देतो म्हणाले आणि एक दिवस टोपी, बूट घालून, हातात मापाची फीत घेऊन शाळेत आले. मुलांना ओळीनं उभं करून त्यांनी प्रत्येकाची उंची मोजली, गुडघ्यापासून पावलापर्यंतचं माप घेतलं. मुलगी सगळ्यांत उंच निघाली. तिच्या पाठीवर थाप मारून ते हसत म्हणाले, "ही पोर कामाची आहे."

मीही हसलो. त्यात भिण्यासारखं काही आहे हे माझ्यासारख्या भित्र्यालाही सुचलं नाही.

चार दिवसांनी पोरं निम्मी झाली. मी एकेकाला विचारत राहिलो. शेवटी एकानं हळूच सांगितलं, "पुलाचा पाया उभा ऱ्हात नाय. पोरांचा बली मागतंय. शालेतली पोरं मोजून नेलीत."

मी समजावलं, बाकांचं चित्र काढून दाखवलं. पोरांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी आली.

त्यानंतरची ती दुपार. मी तिघाचौघांना पाढे म्हणायला लावले होते. बाहेर बरीच पावलं वाजली आणि दार अंधारलं. मुलीचा बाप दारात उभा होता, मागे दहापंधरा माणसं. काहींच्या हातांत कोयते होते.

"मास्तर, आमची पोर कुटं हाय?"

"आज आली नाही ती," मी म्हणालो.

"सकाली शालेत जाते सांगून निंगाली."

"इथं आली नाही. शपथ सांगतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "याला इचारून काय? यानंच मोजून दिली."

त्यांनी मला मारलं नाही. दंडाला धरून बापाच्या घरी नेलं आणि ओसरीवर बसवलं. दोघं राखणीला राहिले, बाकीचे खाजणात शोधायला गेले. आतून आईचं रडणं ऐकू येत होतं. मधूनमधून बांधावरून मुलीच्या नावाची हाक यायची आणि प्रत्येक हाकेला मला वाटायचं, आता सापडेल. मग वाटायचं, सापडली ती पाण्यात सापडली तर? मग ही माणसं माझं काय करतील? पोरीच्या काळजीत आपल्या जिवाची काळजी इतकी मिसळली होती की एक दुसरीपासून वेगळी काढता येत नव्हती.

घशाला कोरड पडली. मुलीची आजी समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. ती उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.

"पी," म्हणाली.

मी आगऱ्याच्या घरचं पाणी कधी प्यालो नव्हतो. कल्याणात कळलं तर जातीत काय होईल, ते मला ठाऊक होतं. ओसरीवर कोयते घेतलेली माणसं, आणि मी तांब्याकडे बघत कल्याणच्या शेजाऱ्यांना भीत बसलो होतो. म्हातारीनं तांब्या पुढं सरकवला. मी घटाघटा प्यालो.

उन्हं कलली तेव्हा माणसं हात हलवत परत आली. कोणी म्हणालं, याला होडीत घाला, पुलावर न्या, त्या सायबाला म्हणावं आमची पोर दे आन तुजा मास्तर घे. सगळ्यांना ते पटलं. मला उठवलं. दोघांनी काखेत हात घालून काठापर्यंत नेलं.

भरती चढत होती. लहानशी होडी होती, ती पाय ठेवताच एका बाजूला कलली आणि मी फळीला मिठी मारून खाली बसलो. समोर तांबूस, गढूळ पाणी. ही माणसं मला पुलापर्यंत नेतील असं मला मुळीच वाटत नव्हतं. मध्यावर नेऊन लोटतील, आणि तिथं मी एकदाही हात मारणार नाही, दगडासारखा जाईन. आई देवापुढे दिवा लावत असेल. रामरक्षा म्हणायला गेलो तर पहिल्या ओळीपुढे काही आठवेना. मुलीच्या बापानं वल्हं हातात घेतलं. तोही थरथरत होता. तेव्हा मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

तेवढ्यात बांधावरून कोणीतरी ओरडलं. एक माणूस धावत येत होता आणि त्याच्या खांद्यावर मुलगी बसली होती.

तो तिचा मामा, मानपाड्याचा. सकाळी शाळेला म्हणून निघालेली पोर एकटी शेताशेतांतून चालत आजोळी पोचली होती आणि तिथं कणगीमागे लपून बसली होती. दुपार उलटल्यावर मामीला दिसली.

बापानं तिला खाली उतरवलं. मारेल असं वाटलं, पण नुसता बघत राहिला. "का गेलीस गो?"

"माजी लांबी सगल्यात जास्त निंगाली," ती म्हणाली. "सायेब बोलला, ही कामाची. म्हनून पलाले."

एकेक जण पांगला. मला होडीतून उतरवायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. मी चिखलात हात टेकत एकटाच उतरलो.

रविवारी ठाण्यात मंडळींच्या सभेत मी सगळी हकिकत सांगितली. ओव्हरसियर खो खो हसले. "काय अडाणी लोक आहेत," म्हणाले. वकीलसाहेबांनी शिक्षणाची गरज यावरूनच सिद्ध होते असं सांगितलं. कोयत्याचं आणि होडीचं ऐकून कोणी विशेष हललं नाही. पण आगऱ्याच्या घरचं पाणी प्यालो हे सांगितलं तेव्हा ओव्हरसियरांचंही हसणं थांबलं. चिटणीसांनी मला बाजूला घेतलं. "हे इथं बोललात ते बोललात, बाहेर कुठं बोलू नका. वर्गणीदार बिथरतील."

त्यांच्या इतक्या वर्षांच्या खटपटीविषयी मला आदर होता, आजही आहे. त्यांच्यामुळेच ती शाळा उभी होती. पण त्या दिवशी जिना उतरताना आपल्या पाठीशी कोणी नाही हे मला कळलं. कोपरला मी मंडळींचा माणूस आणि मंडळींत मी कोपरचा मास्तर.

कचेरीत उमेदवारीला अजून जागा होती. रात्री कल्याणला घरी गेलो तेव्हा आईनं दोनदा सांगितलं. तरी सोमवारी मी कोपरला निघालो. हे धैर्य नव्हतं. नोकरी सोडली तर का सोडली हे कल्याणात सांगावं लागलं असतं, आणि त्याचीही मला भीतीच वाटत होती. बांधावर तीनदा थांबलो, एकदा मागेही वळलो.

खोपटात कोणी नव्हतं. झाडून घेतलं, फळा पुसला, बसलो. थोड्या वेळानं दार अंधारलं. तोच बाप, हातात कोयता. तो आत आला नाही. उंबऱ्याशी बसला, कोयत्यानं बांबूची कामटी तासू लागला.

"सुरू करा, मास्तर. मी बसलोय म्हनल्यावर पोरं येतील."

दुपारपर्यंत पाचसहा आली. शेवटी मुलगी आली, भावाचा हात धरून. बाप होळीपर्यंत रोज तसाच दारात बसला. फार बोलत नसे. एकदा मात्र कामटीवरून नजर न काढता म्हणाला, "त्या दिशी तुमी लय भ्यालेलात."

"हो," मी म्हणालो.

"आमी पन."

मुलगी पुढे दोन वर्षं शिकली आणि लग्न होऊन बाळकुमला गेली. मी तिथं तिच्यानंतरही बरीच वर्षं काढली. दुपारी दारात कोणाची सावली पडली की बोलता बोलता माझी जीभ अडखळायची. पोरांना ते माहीत झालं होतं. ती वळून बाहेर बघायची आणि कोण आलंय ते मला आधीच सांगायची.