दादाचा काट्याचा मीटर

माळ्यावरची पेटी उघडली आणि कुबट चामड्याचा वास आला. आत दादाचा काट्याचा मीटर.

दादा विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. बहात्तरच्या दुष्काळात विहीर तळाला गेली, म्हणून मोटार खाली सरकवायची होती. "काका, स्टार्टर बंद केलाय. हात लावू नका," असं स्टार्टर होता त्या खोपीकडे ओरडून त्याने वायरींना मीटर लावला, सवयीप्रमाणे काचेवर टिचकी मारली. काटा शून्यावरच होता. मी काठावर उभी होते. "लाइट न्हाई," म्हणाला आणि उतरला. थोड्या वेळाने खालून एकच किंकाळी आली.

दादाला वर काढलं तेव्हा काका ऊर बडवत होते. "काटा बिघडला हुता रं! त्यानंच घात केला पोराचा!"

पन्नास वर्षं आम्ही त्या काट्याला शिव्या दिल्या.

आज तो घरच्या प्लगला लावला, शेजारी नातवाचा आकडेवाला नवा मीटर. नवा दोनशे तीस दाखवतो, जुनाही दोनशे तीस. बटण बंद केलं, काटा शून्यावर आला. पुन्हा चालू केलं, पुन्हा दोनशे तीस. दादासारखी टिचकी मारून पाहिली, काटा जागचा हलला नाही.

त्या दिवशी खोपीत काका एकटेच होते.