कार्बोरेटर लावायला डोणगावला

ही हकिकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. अमडापूरला मी मास्तर होतो. तिथल्या लोकांनी विचारलं तेव्हा टाळली, आणि बायको, सुमन, रोज डोळ्यांसमोर लंगडत होती तेव्हाही टाळली. आता ती नाही. म्हणून गेल्या पौषातल्या प्रवासाबद्दल लिहायला बसलो आहे.

आमची मोटारसायकल अपघातापासून बुलडाण्याच्या घरी ताडपत्रीखाली उभी होती. भाच्याने ती मागितली, तेव्हा चालू करून द्यावी म्हटलं. दोन गॅरेजवाल्यांनी नको सांगितलं. नव्या गाड्यांना कार्बोरेटरच नसतो, त्यांचा हात बसलेला नाही. तिसरा म्हणाला, "काका, डोणगावले शेषराव नावाचा एक बुढा हाय. कानानं लावते." नाव ऐकून मी तिथल्याच बाकावर बसलो. शेषराव अमडापूर सोडून कुठे गेला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

सकाळी ओळखीच्या गजाननच्या पिकअपमध्ये गाडी दोरांनी बांधून निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोंगायला आलेली तूर, हिरवा हरभरा, मधूनच वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं). चिखलीला थांबून गरम आलुबोंडे (बटाटेवडे) घेतले. मागे पेट्रोलचा वास आला म्हणून पाहिलं, तर नळी वाळून तडकली होती आणि आदल्या दिवशी भरलेलं पेट्रोल गळत होतं. गजाननने टाकीची चावी बंद केली आणि हात पुसत म्हणाला, "गुर्जी, हे धूड इतक्या दूर काऊन घेऊन जाऊन राह्यले? भंगारात तरी घेतीन का कोणी?"

त्याला जे सांगितलं नाही ते इथे सांगतो.

शेषरावचं अमडापूरच्या बाजारात गॅरेज होतं. त्याने गाडीची सर्व्हिसिंग करून दिली, त्याला तीन दिवस झाले होते. गाडी थोडी दबून चालते असं मला वाटलं. त्याच्याकडे पुन्हा जायचं सोडून मी स्वतःच पेचकस घेऊन कार्बोरेटर खोलला, जमेल तसा बसवला, आणि सुमनला मागे घेऊन चिखलीला निघालो. उतारावर ॲक्सिलरेटरची मूठ सोडली तरी वेग उतरेना. गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. सुमनचा पाय मांडीत मोडला. माझ्याच हातून काहीतरी चुकलं, हे मला पडल्या जागीच कळलं होतं. गोळा झालेल्या लोकांनी विचारलं, गाडी कोणाकडे दाखवली होती? मी शेषरावचं नाव सांगितलं. दुसरं काही बोललो नाही. मास्तरला जास्त बोलावं लागत नाही. वर्षभरात शेषरावचं दुकान उठलं. थंडीत पाय ठणकला की सुमन त्याला शिव्याशाप द्यायची. मी पाय शेकून द्यायचो आणि ऐकायचो.

मेहकरला पैनगंगेचा पूल ओलांडून डोणगावला पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्याला लागून पत्र्याची शेड. पोत्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"या, गुर्जी," तो म्हणाला. एवढंच.

कार्बोरेटर सोडवताना त्याने विचारलं, "मधात कोणी खोलला होता?"

"नाही. अपघातानंतर कोणीच हात लावला नाही." आयुष्यभर जे लपवलं, ते या एका खऱ्या उत्तराने उघडं पडणार हे माझ्या लक्षात आलं नाही.

कार्बोरेटरमध्ये केबलीला लटकलेली एक नळकांडी असते, अंगठ्याएवढी. मूठ पिळली की वर उठते, सोडली की खाली बसते. तिची खाच हवेच्या बाजूला हवी. आमची उलटी बसली होती, म्हणूनच त्या दिवशी वेग उतरला नव्हता. जोराने दाबल्याचे ओरखडेही तिच्या अंगावर होते. शेषरावने ती तळहातावर घेऊन उजेडात फिरवली. बराच वेळ.

"बाई कशा हायेत?"

"गेली. दोन वर्षं झाली."

"मंग त्यायले माहीत नाहीच पडलं," तो म्हणाला आणि नळकांडी पेट्रोलमध्ये धुवायला लागला.

पिवळा चिकट थर खरवडला, तांब्याच्या एका तारेने बारीक भोकं मोकळी केली, नळी बदलली. हवेचा स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा मागे घेतला. सातव्या किकला इंजिन खोकलं, धूर ओकला आणि धरलं. शेषराव कान लावून स्क्रू केसाएवढा फिरवत राहिला. मी तोंड उघडलं, "शेषराव, त्या दिवशी..."

त्याने न बघताच हात वर केला. "चूप बसा गुर्जी. ऐकू द्या."

मला बरं वाटलं. ते कबूल केलं पाहिजे.

आवाज एका लयीत आला. त्याने इंजिन बंद केलं. आता अडसर कशाचाच नव्हता. शेषराव फडक्याने एकेक बोट पुसत माझ्याकडे बघत उभा होता. दहाही बोटं पुसून होईपर्यंत.

"आवाज छान लागला," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

परतताना चिखलीला अमडापूरची पाटी दिसली. गाडी तिकडे घे, असं गजाननला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. मोटारसायकल आता भाच्याकडे आहे, पहिल्या किकला चालू होते म्हणतो. डोणगावला मी कार्बोरेटर लावायला गेलो नव्हतो. गाडी नुसतं निमित्त होती, आणि तेवढंच पार पडलं. अमडापूरच्या जुन्या माणसांनी हे वाचावं. शेषरावने काम चोख केलं होतं. आणि त्या शेडमध्ये, तो बोटं पुसत होता तेवढ्या वेळात, मला म्हणायचं होतं ते हे: शेषराव, ती नळकांडी मी उलटी बसवली आणि नाव तुझं घेतलं. मला माफ कर.