देवीची वाट बघता मियाद गेली

माझी बायको मागल्या पोळ्याला गेली. तिच्याबद्दल लिहायला बसलो की आधी राग येतो, मंग ती आठवते. म्हणून रागाचंच आधी लिहितो.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या शेजारचं. ती तेव्हा दोन लेकरांची माय होती. माघात ज्वारीची काढणी चालू होती, मी खळ्यावर गेल्तो. ती कडबा आणायला गोठ्यात गेली, तिथं माझ्या चुलत्यानं तिच्यावर हात टाकला. भावकीत सगळ्यात थोर माणूस. आमच्या लग्नात पहिल्या अक्षता त्याच्याच. तिनं विळा उगारला म्हणून सुटली. तशीच खळ्यावर आली आणि सगळं सांगितलं. रडली न्हाई. म्हणाली, "ह्याला चार माणसांत कबूल करायला लावा. दुसरं मला काही नको."

पोलीस पाटील भावकीतलाच. त्यानं रपट घेतली न्हाई. मंग भावकी बसली. आमच्याकडं असं भांडण देवीच्या दारात तुटायचं. ज्याच्यावर आळ आला त्यानं जत्रेच्या दिवशी रेणुकाईपुढं हळदीचा भंडारा उचलून खरं काय ते बोलायचं. खोटा भंडारा उचलायला भलेभले कापायचे. तोवर कोणी तोंडातून शब्द काढायचा न्हाई, कचेरीची पायरी चढायची न्हाई, ही रीत. चैत्राची जत्रा ठरली. बायको म्हणाली, "थांबू. देवीपुढं कसा खोटं बोलतो, बघते."

चैत्र आला. जत्रेच्या तोंडावर चुलत्याचं कोणी लांबचं मेलं. सुतक. सुतकात देवळात पाय ठेवता येत न्हाई. पुढच्या चैत्रात पालखीच्या दिवशीच त्याचं पोट दुखलं. दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर बसून जत्रेतली जिलेबी खाताना मी पाहिला.

आणि ह्या सगळ्या काळात सणावाराला ती त्याच्या पाया पडत होती. सुनेनं थोराच्या पाया पडायचंच. तो हात वर करून आशीर्वाद द्यायचा.

जिलेबी पाहिली त्याच आठवड्यात गाडी जुंपली आणि आम्ही जालन्याला गेलो. मस्तगडात एक वकील बसायचे. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, हर्जाचा, म्हंजी नुकसानभरपाईचा, दावा बराबर बसला असता. पन मियाद गेली."

"मियाद म्हंजी?"

"दावा लावायची मुदत. सालभराची असते. तुमचं साल माघातच सरलं."

"आमी देवीसाठी थांबलो व्हतो."

"अदालतला देवी ठाऊक न्हाई, बाई." मंग वकील माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या गावचा एक म्हातारा मागल्या चैत्रात येऊन गेल्ता. अशा दाव्याची मियाद किती, एवढंच इचारून गेला."

मी उठलो. बायको बसूनच होती. म्हणाली, "म्हंजी त्याला देवी बी ठाऊक व्हती आन् अदालत बी. आमाला एकच ठाऊक व्हती."

मुदत कशाला ठेवतात ते मला कळतं. बांधाचं भांडण किती पिढ्या चालवायचं, त्याला शेवट पाहिजेच. पण ज्यानं हात टाकला त्यानंच दिवस ढकलायचे, आणि दिवस सरले की कायद्यानं त्याला मोकळं सोडायचं, हे कुठलं शहाणपण? तोंड उघडायला बाईला किती वेळ लागतो आणि तिचं तोंड कोण दाबून धरतं, हे मियाद ठरवणाऱ्यांनी कोणत्या बाईला विचारलं होतं?

तिनं पुन्हा त्याच्या पायाला हात लावला न्हाई. बाया म्हणायच्या, सून माजली. ती म्हणायची, "व्हय, माजली. सांगा त्याला."

तो मानानं मेला. गाव लोटलं.

ती गेली तेव्हा त्याचा मुलगा तिरडीला खांदा द्यायला पुढं आला. मी म्हटलं, "तू बाजूला हो."

"दादा, किती सालं झाली. आता तो माणूस बी न्हाई राह्यला."

"त्यानं कबूल केलं व्हतं का?"

त्यानं बांबूला लावलेला हात काढून घेतला.

"मंग हो बाजूला."

भावकीतला दुसरा कोणी पुढं येईना. मी धरून तीनच खांदे झाले. तेव्हा माझी लेक आली, पदर खोचला आणि चौथ्या बाजूला खांदा लावला. कोणीतरी मागून म्हणालं, बाईमाणसानं खांदा देऊ न्हाई, रीत न्हाई. लेकीनं वळून सुद्धा बघितलं न्हाई. म्हणाली, "चला, बाबा."