आयुधपूजेची सुट्टी

बँकेने चेन्नईला बदली केली तेव्हा आम्ही वेस्ट मांबलममध्ये राहत होतो. घराखाली शोभेच्या माशांचं दुकान होतं. दुकानदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही. तसा माणूस लाघवी. कपाळाला विभूती, बोलताना मान डोलवायची सवय. पण दारातच काचेच्या टाकीत त्याने आफ्रिकेतला, विजेचा झटका देणारा मासा ठेवला होता. जाडजूड, राखाडी, मिशाळ, बारीक डोळ्यांचा. गिऱ्हाईक आलं की हा माशाला काठीने डिवचायचा आणि म्हणायचा, "हात घाला, सार!" झटका बसलेला माणूस ओरडला की बाकीचे खिदळायचे.

एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, तिकडच्या नद्यांतूनही ही जात संपत चाललीय!"

"मी सगळ्यांना तेच सांगतो," तो खुशीत म्हणाला. "म्हणून तर गर्दी होते, सार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आपल्या खंडेनवमीला तिथे आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी गल्लीतल्या रिक्षा, शिलाईमशिनं चंदन-कुंकवाने सजली होती. याच्या टाकीलाही टिळे होते, वर झेंडूची माळ. एकाने सवयीने पाण्याकडे हात नेला, तर हा कळवळून ओरडला, "आज नाही! आज आयुध चालवायचं नसतं. त्याला विश्रांती नको का?"

जीव म्हणून कधी न मिळालेली दया त्या माशाला अवजार म्हणून मिळाली.

दसऱ्याला सकाळी टाकीवरचं कुंकू तसंच होतं, आणि काठी पुन्हा त्याच्या हातात होती.