जावयाचं लिव्हर आणि धोंड्याचं जेवण

परभणीच्या सोनोग्राफीत माझ्या लिव्हरवर चरबी दिसली, तेव्हा मला पहिली काळजी लिव्हरची नाही, सासुरवाडीची वाटली. मी जन्मात दारूला शिवलेलो नाही. पण आमच्याकडे लिव्हर म्हटलं की माणसं आधी तोंडाचा वास घेतात.

डॉक्टर म्हणाले, "सर, दहा वर्षांची शुगर, त्यात पोट सुटलेलं. चुलीत ओलं सरपण कोंबल्यावर धूर होतो ना, तसं आत चाललंय. तो धूर लिव्हरच्या पेशी खातो. आत्ता आवरा, लिव्हर सुधारेल. नंतर माझ्या हातात नाही."

मी घाबरलो. नेमका त्याच वेळी धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारसे वाण द्यायचे, ही रीत वालूरच्या सासूबाईंनी एकदाही चुकवलेली नाही. बायकोने बसमध्येच बजावलं, "शुगरचं बोला. लिव्हरचं नावबी काढू नका."

ताटात चार धोंडे आले. मी म्हणालो, "मामी, शुगर हाय मला."

"म्हाईत हाय की! साखर चिमूटभर न्हाई, निवळ गूळ हाय," असं म्हणून त्यांनी वर तुपाची धार धरली.

आता पळायला वाट नव्हती. मी सांगून टाकलं, "मामी, लिव्हरवर चरबी चढलीय."

त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता लेकीला विचारलं, "कवापासून पितेत?"

बायकोला हसू आवरेना. मी मात्र भडकलो. सुपारीचं खांडसुद्धा न खाणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागावं! तावातावाने मी डॉक्टरांचं सरपण आणि धूर सगळं सांगितलं. सासूबाईंचा जन्म चूल फुंकण्यात गेला होता. त्यांना धूर समजावून सांगावा लागला नाही.

"आणि मी वरून आणखी सरपण घालायले व्हय!" म्हणत त्यांनी ताट उचललं. मग ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि रीतीपुरता अर्धा धोंडा आला. वाण म्हणून परसातल्या वेलाच्या काकड्या मिळाल्या, मोजून तेहतीस.

निघताना त्या म्हणाल्या, "जावईबापू, फुडल्या धोंड्याला हा पाट मला रिकामा दिसला न्हाई पायजे." मी वाकून त्यांना नमस्कार केला.

काकड्या संपल्या, पण परतल्यावर सुरू केलेलं रोजचं चालणं वर्षभर सुटलं नाही. परवाच्या सोनोग्राफीत चरबी उतरलेली दिसली. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी वालूरला फोन लावला.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "पाट धुऊन ठिवते."

धोंड्याला अजून दोन वर्षं आहेत.