बद्रुद्दीन मास्टरांची सुरगाठ

नाशिक रोडहून देवळाली कॅम्पकडे जाणाऱ्या रस्त्यावर बद्रुद्दीन मास्टरांचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक शटर, दोन मशिनी आणि एक इस्त्री. कॅम्पातल्या जवानांच्या वर्द्या, शाळेचे गणवेश आणि वर्षातून दोनदा झेंडा. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी एकता कॉलनीचा तिरंगा मास्टरांकडे यायचा. ते त्याला इस्त्री करायचे, घडी घालायचे, घडीत गुलाबाच्या पाकळ्या भरायचे आणि दोरीनं सुरगाठ मारायचे. सकाळी खांबाच्या टोकाला गेलेल्या त्या पुरचुंडीला पाहुण्यानं खालून एक हिसका दिला की गाठ सुटणार, पाकळ्या पडणार आणि झेंडा उलगडणार. चाळीस वर्षांत मास्टरांची गाठ एकदाही अडकली नाही. पाहुणे मात्र वर बघून असे काही हसायचे, जणू झेंडा त्यांनीच जन्माला घातलाय. मास्टर तेव्हा मागे, पाण्याच्या जारपाशी उभे असायचे.

आणि दर वर्षी कोणीतरी जवळ येऊन म्हणायचंच, ‘‘अरे वा, चाचा, तुम्हीपण आलात? छान, छान!’’ म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं हो, पण पाहुण्यासारखं स्वागत ऐकलं की मास्टर अर्धा चहा जारपाशीच ठेवून द्यायचे. सत्तर वर्षं इथंच काढली, इथल्याच नळाचं पाणी प्यायले, आणि हे कोण आम्हाला ‘आलात’ म्हणणारे? मास्टरांना आयुष्यात एकदा, फक्त एकदा, ती दोरी स्वतःच्या हातानं ओढायची होती. हे ते बोलायचे नाहीत, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता यात जावा बेट कुठून आलं, ते सांगतो. मास्टरांचे वडील शमसुद्दीन मूळचे जिल्ह्यातल्याच विंचूरचे, त्यामुळे घरात मराठीच. देवळाली कॅम्पात ते पलटणीचे दर्जी होते. पंचेचाळीस साली महायुद्ध संपलं, जपानी गेले, आणि जाव्याच्या लोकांनी ‘आता आम्ही स्वतंत्र’ म्हणून जाहीर केलं. डच साहेबाला ते पटलं नाही. आपली वसाहत अशी कोणी उचलून नेतं का? मग इंग्रज साहेब डच साहेबाच्या मदतीला धावला. स्वतः धावला असं नाही, हिंदी पलटणी पाठवल्या. म्हणजे स्वतः गुलाम असलेली माणसं दुसऱ्यांना गुलामीत परत बसवायला निघाली, पगारी. त्यातल्याच एका पलटणीच्या बोटीत शमसुद्दीनही होते, मशीन आणि कात्रीसकट. पुढच्या वर्षी परत आले ते पत्र्याच्या ट्रंकेत एक निळ्या कापडाची पट्टी घेऊन. पट्टीचं काय, कशाचं, काही बोलले नाहीत.

पासष्ट सालच्या लढाईत बद्रुद्दीन दहा वर्षांचा होता. शाळेतल्या पोरांनी त्याला घेरून विचारलं, ‘‘तू कोणाच्या बाजूचा रे?’’ त्याच आठवड्यात गुरुजींनी एक गोष्ट सांगितली होती, की जाव्यातल्या सुराबाया शहरात डचांनी हॉटेलावर आपला लाल-पांढरा-निळा झेंडा लावला, तर तिथल्या तरुणांनी वर चढून निळी पट्टी टराटरा फाडली आणि मागे उरलेला लाल-पांढरा, तो त्यांचा झेंडा! बद्रुद्दीनला ट्रंकेतली पट्टी आठवली आणि त्यानं ठोकून दिलं, ‘‘ती निळी पट्टी आमच्या घरात आहे. फाटलेल्या झेंड्याला कडेनं तुरपाई माझ्या अब्बांनी घातली!’’ पोरं गार पडली. गोष्ट घरी पोचली तेव्हा अब्बांनी मशीन थांबवली, मुलाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मशीन सुरू केली. याचा अर्थ ‘हो’ असा बद्रुद्दीननं घेतला. पुढची साठ वर्षं ती गोष्ट सांगता सांगता तुरपाईचं बंड झालं, बंडाची लढाई झाली, आणि मास्टरांचा स्वतःचाही तिच्यावर पुरता विश्वास बसला.

या वर्षी ही गोष्ट भारतभाऊंच्या कानी गेली. भारतभाऊ म्हणजे कॉलनीच्या उत्सव समितीचे अध्यक्ष आणि येत्या महापालिका निवडणुकीतले इच्छुक. ‘‘चाचा, आपल्या कॉलनीत आंतरराष्ट्रीय क्रांतिकारक निघाला आणि आम्हाला पत्ता नाही? बास! यंदा झेंडा तुम्हीच फडकवायचा. मग तुमचं भाषण, मग ती पट्टी लोकांना दाखवायची.’’ मास्टरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तीन दिवसांत फ्लेक्स लागला. शमसुद्दीन यांचा एकच फोटो होता, पासपोर्टचा. त्याच्याखाली कोणा दुसऱ्याचं बंदूकधारी धड जोडलं होतं आणि वर ‘क्रांतिवीर’. बाजूला भारतभाऊंचा फोटो, क्रांतिवीराच्या दुप्पट. आयुष्यात सुईपेक्षा टोकदार काही न धरलेले अब्बा चौकात बंदूक घेऊन उभे राहिले, आणि कोणालाही त्यात काही खटकलं नाही.

खटकलं ते नातीला. अदिबा स्पर्धा परीक्षेची तयारी करते, तारीख दिसली की तिला खाज सुटते. तेरा तारखेला दुपारी जेवणं झाल्यावर ती मोबाइल घेऊन आली. ‘‘दादाअब्बा, एक घोळ झालाय. तो झेंडा फाडला एकोणीस सप्टेंबरला. आपली पलटण सुराबायात उतरली ऑक्टोबरच्या शेवटी. मग पणजोबांनी तुरपाई घातली कधी?’’

मास्टर आधी मोबाइलवर चिडले, मग तिच्यावर, मग डचांवर. शेवटी उठले आणि ट्रंक उघडली. साठ वर्षं ती पट्टी त्यांनी नुसती भक्तीनं हाताळली होती. त्या दिवशी पहिल्यांदा चष्मा लावून दर्ज्याच्या नजरेनं पाहिली. फाडलेल्या कापडाला दोरे सुटतात. इथं एकही नव्हता. खालच्या कडेला पक्की मुरड, वरच्या कडेला सुईच्या भोकांची सरळ रांग. इंचाला बारा टाके आणि शेवटी तीन उलटे. शेवटी तीन उलटे टाके मारायची सवय एकाच माणसाची. मास्टरांना ती त्यानंच छडी मारून शिकवली होती.

‘‘ही फाडलेली नाही,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘ही अब्बांनी शिवलेली आहे. म्हणजे अब्बा डचांचे झेंडे शिवत होते!’’

‘‘मग काय तर,’’ भाकरीचं पीठ डब्यात भरत हुस्नबानो म्हणाल्या. मास्टरांच्या त्या बेगम, आणि उगाच आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही. ‘‘शेवटच्या आजारपणात पेज भरवताना मला सगळं सांगितलं त्यांनी. जुने झेंडे फाटले म्हणून साहेबानं नव्यांचा हुकूम काढला. चौदा शिवले. बोटीत बसायच्या सकाळी चौदाव्याची निळी पट्टी उसवली, लाल-पांढरा तसाच मशिनीवर ठेवला आणि निघून आले. म्हणाले, बेटी, तेवढीच हिंमत होती माझ्यात.’’

‘‘आणि तू हे मला आज सांगतेस?’’

‘‘तुम्ही कोणाला सांगू देता का? अब्बांची गोष्ट निघाली की तुमचीच गाडी सुरू!’’

मास्टर ती पट्टी मांडीवर घेऊन बसले. तेरा शिवले आणि एक उसवला. लाज वाटावी की अभिमान, हेच त्यांना कळेना. मग एकदम अब्बांवर इतकी माया दाटून आली की ते ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी ते भारतभाऊंकडे गेले आणि सगळं खरं सांगितलं. भारतभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, ‘‘चाचा, लोकांना लढणं कळतं. उसवणं कोणाला कळणार? फ्लेक्स लागलाय, वर्तमानपत्रवाला येतोय. फ्लेक्सवर आहे तेच बोला. नाहीतर मग झेंड्याचं आम्हाला बघावं लागेल.’’ वर गाठीचीही काळजी करू नका म्हणाले. ‘‘यंदा तुम्ही पाहुणे. गाठ आमची पोरं मारतील.’’

घरी हुस्नबानोंनी सोपा तोडगा काढला. ‘‘आधी दोरी ओढा, मग भाषणात खरं सांगा. उलगडलेला झेंडा काय परत घडी घालणार आहेत?’’ तोडगा बिनतोड होता. पण मास्टरांना तो गिळवेना. दुसऱ्याच्या धडावर अब्बांचं तोंड लावून मिळालेली दोरी ओढायची कशी?

पंधरा तारखेला सकाळी सगळी कॉलनी जमली. नवा सदरा घातलेल्या मास्टरांना भारतभाऊंनी खांबापाशी नेलं. मास्टरांनी दोरीला हात लावला नाही. माइक मागितला. ‘‘माझे वडील लढले नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘ते दर्जी होते. साहेबाच्या हुकमानं त्यांनी दुसऱ्या देशाच्या मालकांचे झेंडे शिवले. त्यातल्या एकाची निळी पट्टी उसवली. ती ही. बाकी गोष्ट मी लहानपणी रचली, कारण मला भीती वाटली होती.’’

टाळ्या वाजवायच्या की नाहीत, हे कोणालाच कळेना. भारतभाऊंनी हसत हसत माइक काढून घेतला, ‘‘चाचांची तब्येत जरा बरी नाही,’’ असं जाहीर केलं आणि मास्टरांना हलकेच बाजूला सारून स्वतः दोरीला हिसका दिला.

काही झालं नाही. दुसरा हिसका. तिसरा. समितीच्या पोरांनी प्रेमानं चक्क निरगाठ मारली होती. भारतभाऊ लोंबकळायचेच बाकी राहिले. वर्तमानपत्रवाला फोटो घेत होता. शेवटी घामाघूम होऊन त्यांनीच हाक मारली, ‘‘चाचा, अहो चाचा, जरा बघा ना!’’

मास्टरांनी पुरचुंडी खाली उतरवून घेतली. नखानं गाठ मोकळी केली, घडी सारखी केली, सुरगाठ मारली आणि झेंडा पुन्हा वर चढवला. भारतभाऊंनी दोरीसाठी हात पुढे केला. पण काम हातावेगळं करण्याआधी तपासून पाहायचं, ही मास्टरांची चाळीस वर्षांची सवय. त्यांनी गाठ तपासली. पाकळ्या भुरभुर खाली आल्या, तिरंगा उलगडला. आणि शाळेच्या उज्वला मॅडमनी पोरांना बजावून ठेवलं होतं, फुलं पडली की सुरू करायचं. पोरांनी ‘जन गण मन’ सुरू केलं.

राष्ट्रगीतात कोण हलणार? भारतभाऊंनी पुढे केलेला हात झटकन मांडीला चिकटवला आणि ताठ उभे राहिले. सगळी कॉलनी ताठ. बावन्न सेकंद दोरी मास्टरांच्या हातात होती. ते वर बघत होते आणि तोंड भरून, बेसूर गात होते.

घरी आल्यावर हुस्नबानोंनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, ‘‘खरं सांगा, गाठ तपासून पाहिलीत की मुद्दाम ओढलीत?’’

मास्टरांनी निळी पट्टी घडी करून ट्रंकेत ठेवली. म्हणाले, ‘‘तपासलीच. पण तपासायला इतक्या जोरात ओढावं लागत नाही.’’