वामनरावांचं माप

वामनराव दाढे वजनमापांचे निरीक्षक होते, आणि त्यामुळे डोंबिवलीच्या बाजारात त्यांना बरोबर माप कुणी देत नसे. तूरडाळ मागितली की वाणी वर मूठभर टाकायचा. वामनराव ती मूठ परत करायचे. "जास्त भरलं तरी ते खोटंच माप," म्हणायचे. शेवटी त्यांचं वाणसामान माझी आई आणू लागली. आमची खोली शेजारीच होती.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. कायद्यावर जो तो बोलायचा, वामनराव सोडून. कुणी विचारलंच तर सांगत, "गिऱ्हाइकाला पारडं दिसतं, वजनाचा तळ दिसत नाही. तो बघायला सरकारनं मला ठेवलंय."

कल्याणला त्यांच्या बायकोच्या, इंदूताईंच्या, भावाचं किराणा दुकान होतं. एका फेरीत वामनरावांनी तिथलं शेराचं वजन उलटं केलं. तळातलं शिसं कोरून काढलेलं होतं.

"वामनराव, आधी चहा घ्या," मेहुणे दत्तोपंत म्हणाले.

"पंचनामा झाल्यावर."

खटला झाला, दंड झाला, कल्याणभर बोभाटा झाला. चहा राहूनच गेला.

त्या भाऊबीजेला इंदूताई भावाला ओवाळायला गेल्या. दत्तोपंत दुकानातून घरी आलेच नाहीत. संध्याकाळी त्या परत आल्या आणि न जेवता बसून राहिल्या. भिंतीपलीकडून वामनरावांचा आवाज आला, "चूक माझी नव्हती."

"माझी तरी कुठे होती?" इंदूताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला कचेरीला सुट्टी होती. वामनराव म्हणाले, "चल रे, कल्याणला जाऊन येऊ." दुकानात शिरून ते गोणीवर बसले. "वजनं दाखवा."

दत्तोपंतांनी एकेक वजन पुढ्यात आपटलं. वामनरावांनी सगळ्यांचे तळ पाहिले.

"चोख आहेत."

"मग निघा."

"तुम्हीही निघा. इंदू वाट बघत्येय."

"भाऊबीज काल झाली."

"तिथी माझ्या खात्याकडे नाही."

दत्तोपंतांनी वजनं उचलून परत जागेवर ठेवली. मग दुकानाच्या फळ्या लावायला उठले. आम्ही दोघांनी हात लावला.

डोंबिवलीत इंदूताईंनी भावाला ओवाळलं. दोघंही रडली. वामनराव बाहेर कठड्याला टेकून उभे होते. थोड्या वेळानं आतून दत्तोपंतांचा आवाज आला, "इंदू, त्यांना आत बोलाव. मी एकटा जेवायचा नाही."

वामनरावांनी चष्मा पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि आत गेले.